गोळीचं काम, पायांचं काम

(मालवण येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पिढीला इथे हिवताप, क्षय, विंचूदंश, अडलेली बाळंतपणं यांच्याशी झुंजावं लागलं. ते आजार एक तर माणसाला नेत, नाही तर सोडून जात. माझ्या पिढीच्या वाट्याला आलेला आजार यातलं काहीच करत नाही. तो घरी मुक्कामाला येतो. दुखत नाही, खुपत नाही, आणि दहा-पंधरा वर्षांनी एक दिवस डोळा, मूत्रपिंड, हृदय किंवा पाय मागतो. टाइप टू मधुमेहात माणसाला खरा धोका असतो तो या गुंतागुंतींचा. म्हणून आज मी साखरेच्या आकड्यापेक्षा त्यांच्याबद्दल अधिक बोलणार आहे.

आमच्या दवाखान्यात दोन प्रकारची माणसं येतात. एक विचारतो, "डॉक्टरांनू, मी गोळये घेतंय, मगे चलाचा कित्याक?" दुसरा अभिमानाने सांगतो, "मी रोज चलतंय, म्हणान गोळये बंद केलंय." दोघंही आपापल्या परीने प्रामाणिक आहेत आणि दोघांचाही हिशेब चुकलेला आहे. गोळी आणि चालणं ही एकमेकांची बदली कामगार मंडळी आहेत, असं दोघंही धरून चालतात. गेल्या चाळीसेक वर्षांच्या संशोधनाने मात्र या दोघांच्या कामांची बऱ्यापैकी वाटणी करून दिली आहे. कुठलं काम कोणाचं, आणि कुठल्या टप्प्यावर, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी प्रश्न केवढा आहे ते पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर, असा तो अंदाज. राज्यांमध्ये पहिला नंबर गोव्याचा होता, २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह. हा आकडा सिंधुदुर्गाचा नव्हे, हे खरं. पण पत्रादेवीचा नाका ओलांडला म्हणून भात, मासे, नारळ आणि दुपारची झोप काही बदलत नाही. गोव्याचा आकडा आपण शेजाऱ्याच्या घरातली बातमी म्हणून वाचू नये.

यावर इथला ठरलेला युक्तिवाद असा, की आम्ही कष्टाची माणसं, आम्हाला व्यायाम कशाला? हे बोलणं एके काळी खरं होतं. रापणीच्या जाळ्याचा दोर ओढायला किनाऱ्यावर माणसांची रांग लागायची, तासन्‌तास पाय वाळूत रोवून ओढायचं. माशांची पाटी डोक्यावर घेऊन बायका बाजारापर्यंत आणि पुढे वाडीवाडीत चालत जायच्या. दशावतारी मंडळी पेटारे घेऊन एका गावच्या जत्रेतून दुसऱ्या गावच्या जत्रेला पायी निघायची. आज होडीला इंजिन आहे, जोताच्या जागी पॉवर टिलर आहे, पाटी रिक्षातून जाते, आणि घाटी चढून देवळात जाण्याऐवजी गाडी थेट दारात लागते. भाताचं ताट तेवढं जुन्या कष्टांच्या मापाचं राहिलं. याच 'इंडियाब'च्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रासह चार ठिकाणी लोकांची हालचाल मोजली होती. निम्म्याहून अधिक, ५४.४ टक्के लोक निष्क्रिय गटात निघाले, आणि फुरसतीच्या वेळात मुद्दाम काही व्यायाम करणारे दहा टक्केसुद्धा नव्हते. खेड्यांत प्रमाण शहरांपेक्षा कमी होतं, पण तिथेही जवळपास निम्मे लोक निष्क्रिय होते.

"पण डॉक्टर, मी तर बारीक आहे," असंही म्हटलं जातं. इथे आपल्याला पुण्याला जावं लागेल. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा केला. तिथलं पूर्ण दिवसांचं बाळ सरासरी २.७ किलोचं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. पुण्याच्या बाळाचे स्नायू आणि अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी जवळपास राखलेली होती. दिसायला कृश आणि आतून मेदयुक्त, असं हे शरीर. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिकांनी लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बीएमआयच्या मापात दोघे जुळे, आणि आत दुपटीहून जास्त फरक.

याचा व्यायामाशी संबंध असा, की जेवणातून आलेली साखर साठवण्याची सर्वांत मोठी जागा म्हणजे स्नायू. ज्याच्या घरात कणगीच लहान, त्याचं भात बाहेर पडून राहणार. आपल्या लोकांची कणगी जन्मतःच लहान, आणि वय वाढेल तशी ती आणखी आकसते. म्हणून नुसतं "वजन कमी करा" हा सल्ला इथल्या बारीक माणसाला अपुरा पडतो, कधी उलटाही पडतो. त्याला स्नायू कमवावे लागतात. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याने भरलेली कळशी उचलणं, रबरी पट्टा ताणणं हे त्याच्यासाठी औषध आहे. कॅनडात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या २५१ मधुमेहींच्या अभ्यासात नुसतं चालणं किंवा नुसते ताकदीचे व्यायाम यांपेक्षा दोन्ही मिळून केल्याने साखर अधिक उतरली होती.

स्नायू आकुंचन पावला की तो इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत घेतो. इन्सुलिन नीट काम करत नसलेल्या मधुमेहीतही हा मार्ग शाबूत असतो. व्यायामानंतर एक ते तीन दिवस इन्सुलिनचा परिणामही सुधारलेला राहतो. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा करू नका, हा नियम त्यातून आलेला आहे. चालायचं केव्हा, यालाही उत्तर आहे. न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाने २०१६ साली ४१ मधुमेहींवर केलेल्या प्रयोगात, दिवसातून कधीतरी सलग अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी. आपल्याकडे रात्री माशांची कढी-भात झाला की माणूस थेट आडवा होतो. तिथे दहा मिनिटं वाडीतून फेरी मारली तर त्याला ना बूट लागतात, ना जिमची फी.

आता वाटणीकडे येतो. आजार होण्याआधीच्या टप्प्यात चालण्याचं पारडं जड आहे. चीनमधल्या डाचिंग शहरात १९८६ साली उंबरठ्यावरच्या ५७७ लोकांवर आहार आणि व्यायामाचा प्रयोग सुरू झाला. तो सहा वर्षं चालला आणि पाठपुरावा तीस वर्षं. व्यायाम-आहाराच्या गटांत मधुमेह सरासरी चार वर्षं पुढे ढकलला गेला, हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या घटना २६ टक्क्यांनी आणि डोळे-मूत्रपिंड-नसांच्या गुंतागुंती ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्याकडे चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ लोकांवर असाच अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत काहीच न केलेल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. जीवनशैली बदललेल्यांत हे प्रमाण ३९ टक्क्यांच्या आसपास राहिलं. साखर उतरवणारी मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत जवळपास तेवढंच, आणि दोन्ही करणाऱ्यांतही तेवढंच. म्हणजे त्या टप्प्यावर चालणाऱ्याला गोळीने वर आणखी काही दिलं नाही.

एकदा मधुमेह मुरला की मात्र चित्र बदलतं, आणि व्यायामाचे भक्त असलेल्या आम्हा डॉक्टरांना ते गिळायला जड गेलं. अमेरिकेत 'लूक अहेड' नावाचा मोठा अभ्यास झाला. जास्त वजनाच्या ५,१४५ मधुमेहींपैकी निम्म्यांना आहार, व्यायाम, समुपदेशन सगळं कसून दिलं. जवळपास दहा वर्षांनी पाहिलं तर हृदयविकाराच्या घटना दोन्ही गटांत सारख्याच. २०१२ साली अभ्यास थांबवावा लागला. पण तेवढ्यावरून व्यायाम निकालात काढणाऱ्यांनी पुढचं पान उलटलं नाही. त्याच लोकांत मूत्रपिंडाचा गंभीर आजार ३१ टक्क्यांनी कमी आढळला, हालचाल टिकली, नैराश्य कमी झालं, औषधं कमी लागली. व्यायामाने हृदयाचं संरक्षण एकट्याने पेललं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हृदय आणि मूत्रपिंडाची ती जबाबदारी औषधांनी उचलली, आणि तीही केवळ साखर उतरवून नव्हे. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या 'यूकेपीडीएस' अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. साखर कसून आवरल्याने डोळे-मूत्रपिंडांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी घटल्या. पण त्याच अभ्यासात वरचा रक्तदाब १५४ ऐवजी १४४ च्या आसपास ठेवल्याने मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी आणि पक्षाघात ४४ टक्क्यांनी कमी झाले. मधुमेही माणसाने बीपीची गोळी चुकवणं किती महागात पडतं, ते यावरून समजावं. "माका साखर आसा, बीपी थोडाच आसा" म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे घरी लिहून ठेवावेत.

त्यानंतर एक औषध आलं, त्याचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. १८३५ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा पदार्थ वेगळा केला. त्याने लघवीतून साखर जाते हे पुढे कळलं. त्यावरून बेतलेल्या 'ग्लिफ्लोझिन' कुळातल्या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. २०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिनचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदयविकार असलेल्या ७,०२० मधुमेहींमध्ये हृदयाशी संबंधित मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले. साखरेत पडलेला फरक एवढा लहान होता, की त्यातून एवढा फायदा निघणं शक्य नव्हतं. गोळीने हृदयावरचा आणि मूत्रपिंडाच्या चाळणीवरचा दाब उतरवला होता. २०१९ साली कॅनाग्लिफ्लोझिनने मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी केल्याचं दिसलं. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपलं आणि साठ रुपयांच्या घरातली गोळी दहा रुपयांच्या आसपास आली. लघवीत प्रथिन जातंय असा रिपोर्ट हातात असलेल्या माणसाने "साखर बरी आसा, मगे ही कित्याक?" असं विचारू नये. ती गोळी साखरेसाठी दिलेलीच नसते. आणि रोज दहा किलोमीटर चालूनही तिची जागा भरून निघत नाही.

मग पायांचं काय? पाय हा दोन्ही बाजूंचा समाईक प्रांत आहे. इथे चालणं औषधही आहे आणि धोकाही.

आमच्याकडे एक मावशी खोकल्यासाठी आल्या होत्या. तपासताना पाय पाहिला तर तळव्यात कालवाच्या शिंपीचा धारदार तुकडा रुतलेला, भोवती पांढरी कातडी आणि थोडा पू. खडकावर कोयतीने कालवं काढताना कधीतरी घुसला असणार. त्यांना पत्ताच नव्हता, दुखतच नव्हतं. अशा माणसाला "चला, चला" म्हणून घराबाहेर पाठवणं हा उपचार नव्हे. आधी तपासावं लागतं. त्याचं साधन अगदी साधं आहे, दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा. रुग्णाला डोळे मिटायला सांगायचे, धागा अंगठ्याच्या टोकाला आणि चवड्याच्या तीन ठिकाणी टेकवून वाकेपर्यंत दाबायचा, आणि "लागलं का?" असं न विचारता "कुठे लागलं ते सांगा" असं म्हणायचं. जिथे उत्तर येत नाही तिथली संरक्षक संवेदना गेली. आमच्या भागातली आणखी एक खूण लक्षात ठेवा. चालताना स्लीपर पायातून सुटून मागे राहते आणि माणूस तसाच चार पावलं पुढे जातो. असं झालं तर त्या आठवड्यातच पाय दाखवून घ्या.

संवेदना गेलेल्या पायाचं शास्त्र आपल्याच देशात घडलं आहे. तमिळनाडूतल्या वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या जखमांचा अभ्यास करून दाखवलं, की बोटं रोगाने झडत नाहीत. वेदना न जाणवल्यामुळे वारंवार होणाऱ्या इजांनी ती जातात. तेच ज्ञान पुढे मधुमेही पायाला लागू पडलं. कुष्ठरोग्यांसाठी बनणाऱ्या मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला आज मधुमेहींनाही देतात. पूर्वी अशा रुग्णाला चालूच देत नसत. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ७९ रुग्णांच्या अभ्यासात, योग्य पादत्राणं आणि पायांची तपासणी ठेवून वर्षभर चालण्याचा कार्यक्रम दिला, तरी जखमा वाढल्या नाहीत. तेव्हा नियम असा. उघडी जखम असेल तर त्या पायावर भार नको, व्यायाम बसून, हातांचा. जखम नसेल तर चाला, पण अनवाणी नाही. दुपारी तापलेल्या पुळणीवर तर मुळीच नाही, जांभ्याच्या खडबडीत कातळावरही नाही. आणि लावणीच्या दिवसांत चिखलातून आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या करून पाय उजेडात पाहायचे. पाय जळतात, मुंग्या येतात, रात्री झोप लागत नाही, यावर महागच औषध लागतं असं नाही. २०२२ साली ब्रिटनमधल्या तुलनात्मक अभ्यासात ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन आणि प्रीगॅबालिन या तिन्हींनी वेदना जवळपास सारख्याच उतरवल्या, आणि पहिली गोळी जुनी आणि स्वस्त आहे. कुठली कोणाला चालेल ते वय, हृदय आणि मूत्रपिंड पाहून ठरवायचं.

गोळी आणि कष्ट यांची कधीकधी टक्करही होते, ती या किनाऱ्यावर विशेष. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, पोटात फक्त चहा घालून पहाटे होडीत जाणाऱ्याची साखर समुद्रात एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, बावचळल्यासारखं होणं, आणि आजूबाजूच्यांना वाटतं गडी प्यायलाय. होडीत ग्लुकोजची पुडी किंवा साखर-गूळ पाहिजेच, आणि सोबत्याला माहीत पाहिजे. ग्लिफ्लोझिन घेणाऱ्याने उलट्या-जुलाब किंवा पावसाळी ताप आल्यावर, खाणंपिणं सुटलेलं असताना, ती गोळी थांबवून डॉक्टरांना विचारायचं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चाललं तर बी-१२ कमी होतं. मासे खाणाऱ्याला थोडी सवलत आहे, शाकाहारी माणसाने मात्र तपासून घ्यावं, कारण बी-१२ च्या कमतरतेनेही पायांना मुंग्या येतात. डोळ्याच्या पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटल्या असतील तर श्वास रोखून जड वजन उचलणं बंद. आणि वजन झपाट्याने उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबरोबर ताकदीचा व्यायाम नसेल तर चरबीसोबत स्नायूही जातो, म्हणजे आधीच लहान असलेली कणगी आणखी लहान.

दोन्ही एकत्र नांदले तर काय होतं, याचं उत्तर डेन्मार्कमधून मिळालं. 'स्टेनो-२' या अभ्यासात फक्त १६० रुग्ण होते, पण सगळ्यांच्या लघवीत प्रथिन जायला लागलं होतं, म्हणजे गुंतागुंत सुरू झालेली. निम्म्यांवर साखर, रक्तदाब, चरबी, तंबाखू, आहार, व्यायाम अशा सगळ्या आघाड्यांवर सुमारे आठ वर्षं एकत्रित उपचार केले. एकवीस वर्षांनी पाहिलं तर त्या गटाचं आयुष्य जवळपास आठ वर्षांनी जास्त भरलं. त्यातलं श्रेय गोळ्यांचं किती आणि चालण्याचं किती, हे वेगळं काढता येत नाही. रुग्णाला तसं काढायचंही नसतं.

हा विवेक आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे कृश आणि स्थूल असे दोन रुग्ण वेगळे केले आहेत. कृशाला पोसायचं, स्थूलाला उतरवायचं. ज्याच्याकडे पैसा नाही त्याला शंभर योजनं अनवाणी चालायला किंवा विहीर खणायला सांगितलं आहे. अनवाणीपणाचा सल्ला आज मी देणार नाही, पण एकाच आजारात माणूस पाहून उपचार बदलायचा, हे सूत्र मी रोज वापरतो.

शेवटी आपल्या जिल्ह्याबद्दल. २००१ ते २०११ या दशकात सिंधुदुर्गाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. मुलं मुंबईला, आईवडील वाडीत. आईचा तळवा पाहणार कोण? आशाताई आणि आरोग्यसेविकांच्या पिशवीत तो नायलॉनचा धागा असला, तर काम होण्यासारखं आहे. गंभीर रुग्ण घेऊन आपण गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात धावतो, पण बांबोळी पाय वाचवण्याची जागा आहे तशीच पाय कापण्याचीही. तिथे उशिरा पोहोचू नये, ही जबाबदारी आपली आहे.

ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वर सांगितलेले बहुतेक अभ्यास परदेशांत किंवा शहरांत झाले. रापणीच्या हंगामात आणि हंगाम नसताना मच्छीमाराच्या साखरेत काय फरक पडतो? उकड्या तांदळाच्या पेजेनंतर दहा मिनिटं चालल्यावर किती उतार पडतो? कालवं काढणाऱ्या बायकांपैकी किती जणींच्या पायांची संवेदना गेली आहे? ही माहिती इथूनच गोळा व्हायला हवी. कोकणातून असं काही होत नाही, असं कोणी म्हणू नये. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचं निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट'पर्यंत पोहोचवलं, आणि प्राझोसिनच्या साध्या गोळीने कोकणातले ते मृत्यू आटोक्यात आले. त्यांच्याजवळ रुग्ण, वही आणि चिकाटी होती. आपल्याजवळ या तिन्हींखेरीज एक महाविद्यालय आहे.

तोवर इथे बसलेल्या प्रत्येक मधुमेहीने वर्षातून एकदा लघवीतलं प्रथिन, डोळ्याचा पडदा आणि पायांची संवेदना तपासून घ्यावी, आपली प्रत्येक गोळी नेमकी कशासाठी आहे ते डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्यावं, आणि चालण्याचं प्रमाणही त्याच चिठ्ठीवर मागून घ्यावं. डॉक्टर लिहून देत नसतील, तर लिहून मिळेपर्यंत खुर्ची सोडू नये.